हलतंय, पण पडत नाही

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याची प्रदर्शनी लागली की मी दरवर्षी शंभर रुपये हरून येतो. चुकून नाही, ठरवून. आकाशपाळण्यात बसायचं वय गेलं. ‘ब्रेकडान्स’ नावाच्या पाळण्यात बसलो तर दुसऱ्या दिवशी हाडवैद्याच्या बाकावर बसावं लागतं. मौत का कुआँच्या कठड्यावरून एकदा वाकून पाहिलं, तेव्हा फळ्या अशा थरथरत होत्या की खाली मोटारसायकल चालवणाऱ्यापेक्षा मरणाची धास्ती मलाच जास्त होती. राहता राहिला रिंगवाला.

लाल कापड अंथरलेल्या फळीवर त्यानं अख्खा संसार मांडलेला असतो. कडेला साबण आणि बिस्किटाचे पुडे, मग स्टीलच्या वाट्या, एक डोळा मिटलेली बाहुली आणि अगदी मधोमध, फुलाफुलांची चिनी मातीची कपबशी. नियम एकच. रिंग वस्तूभोवती सपाट पडली पाहिजे, टेकून राहिली तर मोजायची नाही. मी नेम धरतो. रिंग कपाच्या कानाला लागते, ‘टिंग’ असा आवाज होतो, कप बशीतल्या बशीत थोडा वळतो, रिंग काठावर एक गिरकी घेते, मग दुसरी, मग दमते. भोवतीची पंधरा माणसं श्वास धरून ‘पडली, पडली, पडली’ म्हणत असतात. आणि रिंग शेजारच्या साबणाला रेलून उभी राहते.

“थोडक्यात हुकली, साहेब,” रिंगवाला म्हणतो. आधी त्याचे वडील म्हणायचे. आमचा दसरा दीडशे वर्षांहून जुना आहे, तेव्हा ‘थोडक्यात’ हा शब्दही निदान तेवढा जुना असावा.

गेल्या खेपेला सोबत भाचा होता. तो मुंबईला कलेचं शिक्षण घेतो, म्हणजे नेमकं काय घेतो हे त्याच्या आईला अजून कळलेलं नाही. माझी चौथी रिंग साबणाला टेकली तेव्हा तो एकदम म्हणाला, “मामा, हे कायनेटिक इन्स्टॉलेशन आहे!”

रिंगवाल्याचा चेहरा उतरला. “परवानगी हाये आपल्याकडं,” तो म्हणाला आणि गल्ल्याखालचा कागद काढू लागला.

घरी आल्यावर भाच्यानं मोबाइलवर हलत्या कलाकृतींचे पुरावे दाखवले. पहिला पुरावा फ्रान्सचा. सेलेस्त बूर्सिए-मूझनो नावाचे कलाकार निळ्या पाण्याचा गोल हौद करतात आणि त्यात पांढऱ्या चिनी मातीचे लहानमोठे वाडगे सोडतात. खाली पंप, त्यानं पाण्याला हलकासा ओघ. वाडगे आपले आपण फिरतात, एकमेकांवर आपटतात, किणकिणतात. कोणता वाडगा कधी कोणाला भेटेल हे कलाकारालाही ठाऊक नसतं, आणि त्यातच सगळी गंमत. २०२५ साली पॅरिसमध्ये त्यांचा हौद अठरा मीटर रुंदीचा होता. लोक कडेला तासन् तास बसून राहतात.

बायकोनं चष्मा लावून दोन मिनिटं पाहिलं. “म्हणजे भांडी घासायला टाकलीत आणि पुढं कोणी येईना,” ती म्हणाली. “यासाठी पॅरिसला कशाला जायचं, तुमच्या मामाला चार दिवस एकटं ठेवा.”

दुसरा पुरावा मुंबईचा, सुदर्शन शेट्टी यांचा. २००६ साली त्यांनी डायनासोरचा पोलादी सांगाडा केला आणि तो एका जॅग्वार मोटारीशी लगट करतोय असं दाखवलं. मोटर लावून. हा पुरावा भाच्यानं मामीसमोर फार वेळ ठेवला नाही.

तिसरा मात्र मला फार आवडला. आर्थर गॅन्सन नावाच्या अमेरिकन माणसानं एका मोटरला एकापुढे एक बारा गिअरच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडी वेग पन्नास पटींनी कमी करते. पहिलं टोक मिनिटाला दोनशे फेरे घेत गरगरतं, आणि शेवटचं चाक सिमेंटच्या ठोकळ्यात पक्कं चिणलेलं. तरी काही मोडत नाही, कारण त्या शेवटच्या चाकाला एक फेरा पुरा करायला दोन लाख कोटी वर्षांहून जास्त काळ लागणार आहे. भाचा म्हणाला, यात काळाविषयी फार खोल काही आहे. मला त्यात आमच्या गावची पाणी योजना दिसली. इकडं पंपाच्या उद्घाटनाला मोटर गरगर फिरली होती, तिकडं नळ सिमेंटमध्ये. आणि तिचंही काम बंद आहे असं कोणी म्हणू शकत नाही. चालू आहे.

पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. मोडण्यासाठीच बांधलेलं यंत्र म्हणून भाच्यानं जाँ तँगली हे नाव काढलं, तेव्हा मी सरसावून बसलो. हा स्वित्झर्लंडचा गडी. १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत त्यानं सायकलची चाकं, जुन्या मोटरी, पियानो, आंघोळीचा टब, हवामान खात्याचा फुगा असला भंगारबाजार एकत्र जोडून एक अवाढव्य धूड उभं केलं. त्याचं काम एवढंच, की चालू व्हायचं आणि स्वतःला मोडून टाकायचं. थंडीत सुटाबुटातली मंडळी बघायला जमली. यंत्र चालू झालं, धूर निघाला, पियानो पेटला, काही भाग ठरल्यापेक्षा आधी सुटले, काही सुटेचनात. सत्तावीस मिनिटांनी अग्निशमनवाल्यानं पाणी मारलं आणि उरलेलं मोडायला हातभार लावला. नंतर प्रेक्षकांनी तुकडे आठवण म्हणून घरी नेले.

“बाळा,” मी म्हटलं, “याला आम्ही रावण म्हणतो.”

एकावन्न फुटी रावण. बांबूची कामटी, कागद, आत फटाके. महिनाभर कारागीर राबतात, ते तो पाच-दहा मिनिटांत नाहीसा व्हावा म्हणून. आणि तोही ठरल्याप्रमाणे कधी होत नाही. माझ्या लहानपणी एका वर्षी परतीचा पाऊस पडून गेला होता. पोटातले फटाके धडाधड उडाले, नऊ डोकी गेली, एक राहिलं. ते डाव्या बाजूचं, कडेचं डोकं बांबूच्या शेंड्यावर एकटंच झुलत होतं आणि खाली हजारो माणसं ‘पडलं, पडलं’ करत होती. रामाची मिरवणूक खोळंबली. आता या अवस्थेत रावण मेला म्हणायचा की नाही, यावर आमच्या शेजारचे दोन वकील जागच्या जागी भांडले. शेवटी ते डोकं पडलंच नाही, वाऱ्यानं हळूहळू मागे वळलं आणि सगळ्यांकडे पाठ करून विझलं. आमच्या वाड्यातल्या एकानं त्यातला धडका बांबू दोडक्याच्या वेलाला आणून लावला. न्यूयॉर्कचे लोक तेच तर करत होते.

भाचा गप्प झाला. पण गप्प बसलेला कलावंत अधिक धोक्याचा, म्हणून मी लगेच मारुतीची गोष्ट काढली.

आम्ही पोरं होतो तेव्हा गल्लीच्या गणपतीपुढे हलता देखावा करायची ईर्ष्या असे. शेजारच्या गल्लीनं कालियामर्दन केलं होतं, त्यांचा नाग जीपच्या वायपरच्या मोटरवर डोलायचा. त्याला तोड म्हणून आम्ही द्रोणागिरी उचलून नेणारा मारुती करायचं ठरवलं. खाली लक्ष्मण मूर्च्छित, उशाशी राम, आणि वरून तारेवर मारुती हिमालयाकडून लंकेकडे येणार. पर्वत थर्माकोलचा, त्यावर संजीवनी म्हणून हिरवे छोटे बल्ब. मोटर गिरणीवाल्यांनी दिली, जुनी, थ्री फेज. दळणाची मोटर असल्यामुळे मारुतीला अधूनमधून पीठ सुटायचं, पण लोकांना तो ढग वाटला.

पहिले दोन दिवस मारुती नीट आला. तिसऱ्या दिवशी डीपी जळाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी दुरुस्त झाली, आणि ज्यांना शेतातली मोटर ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दोन फेज अदलाबदल झाल्या. थ्री फेज मोटरच्या कोणत्याही दोन तारा इकडच्या तिकडे झाल्या की ती उलटी फिरते. विहिरीवर पाणी चढत नाही, एवढंच होतं. आमच्याकडे काय झालं, तर बटण दाबल्याबरोबर मारुती लक्ष्मणाच्या उशापासून निघाला आणि पर्वत घेऊन, पाठमोरा, तोंड लंकेकडे ठेवून, हिमालयाकडे परत चालू लागला.

रांगेत शांतता पसरली. ध्वनिक्षेपकावर निवेदन चालूच होतं की वायुपुत्र वाऱ्याच्या वेगाने येत आहेत. वायुपुत्र जात होते. लक्ष्मण पडून होता. “अगं माय, परत न्यायला की गं!” एक म्हातारी कळवळून म्हणाली. तेवढ्यात पर्वत मंडपाच्या खांबाला घासला, संजीवनीचे चार बल्ब फुटले, थर्माकोलचा कडा सुटून एका तारेवर लोंबकळला आणि पुन्हा तेच सुरू झालं: पडला, पडला... गिरणीवाल्यांनी स्टार्टरपाशी जाऊन दोन तारा बदलल्या. मारुती जागच्या जागी हिसका देऊन परतला. त्या क्षणाला जी टाळी पडली ती पहिल्या दोन दिवसांत एकदाही पडली नव्हती. पाचव्या दिवशी लोक मुद्दाम विचारायला आले, “आज परत नेणार का?”

तेव्हा हे सगळं आम्ही ‘घोटाळा’ या सदरात टाकलं होतं. आता भाचा म्हणतो, ते आकस्मिकतेचं सौंदर्य होतं. असेल. बल्बचे पैसे वर्गणीतून गेले.

खरं म्हणजे हलण्याच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याशी कोणी स्पर्धाच करू नये. जिल्हा तसा लहान वयाचा, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, पण परंपरा सातशे वर्षांची. नरसीचे नामदेव औंढ्याला नागनाथापुढे कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी सांगितलं, मागे जा. नामदेव मागे गेले आणि गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी मात्र होता तिथंच राहिला, म्हणून औंढ्याला आजही तो देवळाच्या पाठीशी आहे. त्याच औंढ्याला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेवांनी त्यांचे पाय उचलून बाजूला ठेवले, तर तिथं पिंड, आणखी बाजूला ठेवले, तर तिथंही पिंड. ना मोटर, ना गिअर, ना फेज. हे ऐकून भाच्यानं वही काढली, आणि मला प्रथमच वाटलं की त्याच्या शिक्षणावरचा खर्च अगदीच वाया गेलेला नाही.

आता आमच्या कपाकडे येतो. कपबशीकडे म्हणत नाही, कारण २००९ साली माझी रिंग एकदाच, फक्त एकदाच, त्या कपाभोवती सपाट पडली. रिंगवाल्यानं खाली वाकून, एक डोळा मिटून नीट पाहिलं आणि निकाल दिला, “रिंग कपाला हाये. बशी येगळी.” तेव्हापासून तो बिनबशीचा कप स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या वरच्या फळीवर आहे. त्यातून चहा प्यायची कोणाची हिंमत नाही. आतापर्यंतचा सगळा हिशेब धरला तर तो सुमारे अडीच हजार रुपयांचा कप आहे.

आणि त्यात आमच्याकडे जमीन बोलते. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कित्येक वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज येतात. ‘गूढ आवाज’ हा वर्तमानपत्रांचा शब्द. तिथले लोक नुसतं ‘आवाज झाला’ म्हणतात, जसं पाऊस झाला म्हणतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर जो झाला तो मात्र नुसता आवाज नव्हता. ४.५ तीव्रतेचा भूकंप, आणि दहा-बारा मिनिटांनी दुसरा, त्याहून हलका. मग प्रशासनानं सांगितलं की पत्र्यांवर वारा अडवायला ठेवलेले दगड काढून घ्या. पुढं पावसाळा आला, वारं आलं, दगड परत चढले, आणि १० जुलैला सकाळी सव्वासातला पुन्हा ४.५.

मी चहा घेत होतो. आधी घराखालून ट्रक गेल्यासारखं वाटलं. मग मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांशी कुजबुजू लागले, ताटं दात वाजवल्यासारखी वाजली, आणि वरच्या फळीवरचा तो कप चालायला लागला. खोटं सांगत नाही, चालायला लागला. कान पुढे करून, बारीक बारीक पावलं टाकत, कडेच्या दिशेनं. बायको दारातून ओरडत होती, “बाहेर या, बाहेर या!” आणि मी तोंडात चहाचा घोट धरून कपाकडे बघत बसलो होतो. पंधरा वर्षांत मी त्याच्यावर जेवढं लक्ष दिलं नव्हतं तेवढं त्या काही सेकंदांत दिलं. कडेवर आल्यावर तो थांबला. बूड एक बोटभर बाहेर. जमीनही थांबली.

“थोडक्यात राहिला,” मी म्हणालो. तेव्हा बायको जे म्हणाली ते कपाबद्दल नव्हतं.

आणि अशा या जिल्ह्यात, औंढा तालुक्यात, दुधाळ्याला, सरकार एक असं यंत्र बसवतंय की ज्यातली वस्तू जराही हलता कामा नये. गुरुत्वीय लहरी टिपणारं, लायगो-इंडिया. २०१६ साली तत्त्वतः मान्यता मिळाली, २०२३ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं २६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि २०३० च्या सुमारास ते चालू व्हावं अशी आखणी आहे. देशभर जागा धुंडाळून, जिथं रोजची बारीक थरथर सगळ्यांत कमी अशा जागांतून ही निवडली. याचा अर्थ आमची जमीन एरवी शांत असते, बोलायचं तेव्हाच बोलते.

भाच्यानं मला ते मीठ आणि साखरेच्या डब्यांनी समजावलं. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर, आत हवा काढून घेतलेली. लेझरचा एकच झोत दोन्हीकडे वाटून जातो, टोकाच्या आरशांवरून परत येतो आणि पुन्हा एकत्र भेटतो. दूर कुठं दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशच किंचित ताणतं आणि आकसतं, एक बाहू कणभर लांब, दुसरा कणभर आखूड. कण म्हणजे किती? प्रोटॉनच्या जाडीचा दहा हजारावा भाग. तेवढं हललेलं कळावं म्हणून बाकी कशानंही हलू नये. त्यासाठी आरसा टांगलेला. आरसा चाळीस किलोचा, शुद्ध काचेचा, आणि टांगलेला कशावर, तर काच तापवून ओढलेल्या चार धाग्यांवर. प्रत्येक धागा ०.४ मिलिमीटर.

“म्हणजे शेवईएवढा,” बायको म्हणाली.

“साधारण.”

“चाळीस किलो, चार शेवयांवर?” ती खाली बसली. “आणि ते औंढ्याच्या रस्त्यानं आणणार?”

अमेरिकेतल्या हॅनफर्डला असंच यंत्र आहे. तिथं बसवायच्या दुसऱ्या यंत्राचे भाग पेट्यांत बांधून ठेवलेत, तेच आमच्याकडे यायचे आहेत. हॅनफर्डला एकदा संकेतांत भलतीच टकटक येऊ लागली. शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तर नायट्रोजनच्या नळीवर बर्फ साठत होता आणि तहानलेले डोमकावळे येऊन तो टोचत होते. विश्वाच्या पलीकडचं ऐकायला बसलेल्या माणसांना कावळा ऐकू आला. यावर आमच्या घरी कोणी हसलं नाही. पितृपक्षात आम्ही सगळे गच्चीवर तासन् तास त्याच एका टोचण्याची वाट पाहत उभे असतो. फरक एवढाच की इकडं कावळा शिवला की सुटलो म्हणायचं, तिकडं कावळा शिवला की मोजणी फुकट.

पण मला खरं हसू आणणारा भाग १४ सप्टेंबर २०१५ चा आहे. यंत्र नव्यानं सुधारून जेमतेम उभं राहिलं होतं, अधिकृत निरीक्षण सुरू व्हायला अजून काही दिवस होते, आणि तेवढ्यात पहिली लाट आली. सेकंदाचा पाचवा हिस्सा, संपली. तपासणीसाठी कोणी मुद्दाम खोटा धक्का घातला की काय, ही शंका आधी काढली गेली, कारण तशी सोय यंत्रातच होती. कोणी घातला नव्हता. ती लाट सुमारे १३० कोटी वर्षं वाटेत होती. थोडी आधी निघाली असती तर इथं ऐकायला कोणी नव्हतं. एवढ्या लांबून फेकलेली रिंग, आणि पडली सपाट. रिंगवाल्यानंसुद्धा कपबशी दोन्ही दिली असती.

हे पाहायचंच म्हणून मी आणि भाचा स्कूटरवरून दुधाळ्याच्या बाजूला गेलो. पाहायला अजून फारसं काही नाही. माळ, काळा दगड, हळदीचे वाफे, दूरवर कुंपण. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आला, मागं रिकामी ट्रॉली, ट्रॉलीची फळकी दोन्ही बाजूंनी आपटतायत, आणि बोनेटवर बांधलेल्या खोक्यातून गाणं एवढं मोठं की समोरची म्हैस बाजूला झाली. आम्हाला बघून मालक थांबला.

“काय बघू लालाव?”

भाच्यानं सांगितलं. काचेचे आरसे, शेवईसारखे धागे, ट्रक गेला तरी कळतो, झाड पाडलं तरी कळतं. त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग हात लांब करून गाणं बंद केलं. थोडा विचार केला आणि इंजिनही बंद केलं. एकदम अशी शांतता झाली की ट्रॉलीची शेवटची कडी हलत होती तीसुद्धा ऐकू आली. आम्ही तिघं कुंपणाकडं बघत उभे राहिलो.

“हाललं नसंल ना?” त्यानं हळूच विचारलं.

“नाही काका,” भाचा म्हणाला, “आरसे अजून बसवले नाहीत.”

“मंग सांगायचं की आधी,” तो म्हणाला, आणि किल्ली फिरवून गाणं पहिल्यापेक्षा दोन घरं वर नेलं. “तवर वाजवून घेतो.”